उभी डोलकाठी

ही गोष्ट १९५६ सालची. त्या फेब्रुवारीत रॉटरडॅमच्या बंदरात बोटी तीन आठवडे बर्फात रुतून बसल्या होत्या. पाव आणायला जाणाऱ्या बायका धक्क्यावरून न जाता सरळ बर्फावरून चालत, आणि म्हाताऱ्यांना एकोणतीस सालची थंडी आठवे. महिन्याच्या शेवटी एका पहाटे ते बर्फ कडकडत फुटायला लागलं, आणि त्याच पहाटे बास्तियान आपल्या बोटीवर, आपल्याच अंथरुणात, फुप्फुसाच्या सुजेनं गेला. बावन्न वर्षांचा होता.

त्याची बायको ग्रीत उशाशी होती. आदल्या दिवशी, वाक्यावाक्याला दम लागत असताना, तो तिला म्हणाला होता, "डोलकाठी उतरवायची नाही हं, ग्रीत."

"आता कशाला बोलतोस ते?"

"लेंडर्टला सांग. त्याच्याकडे मी कधी काही मागितलं नाही. एवढं एक मागतोय म्हणावं."

आमच्या बेटावर हे कुणाला समजावून सांगावं लागत नसे. नदीच्या दोन फाट्यांमधलं ते चिंचोळं बेट. निम्मी माणसं घरांत राहणारी, निम्मी धक्क्याला बांधलेल्या बोटींवर. माल वाहणारा तांडेल जन्मभर पुलांखालून जातो आणि दर पुलाशी रहाट फिरवून आपली डोलकाठी आडवी करतो. दिवसातून चार वेळा, सहा वेळा. पाऊस असो, बोटं थंडीनं वाकडी झालेली असोत. पण तो मेला की शेवटच्या फेरीला त्याची डोलकाठी कुणी उतरवत नाही. ती उभी राहते आणि पूल वर जातो. ग्रीतच्या सासऱ्यासाठी गेला होता. शेजारच्या बोटीवरच्या खेरिटच्या बापासाठी गेला होता, तेव्हा तर वाऱ्यात बर्फ उडत होतं आणि तरीही अख्खं बेट टोप्या काढून उभं होतं.

रस्त्याचा पूल उघडायला अडचण नसे. तो नगरपालिकेचा, ट्राम थांबायची, सायकलवाले एक पाय जमिनीवर टेकून उभे राहायचे. प्रश्न त्याच्या लगतच्या रेल्वेच्या पुलाचा. दोन पोलादी मनोरे, मधे रुळांचा सगळा पट्टा, आणि तो पट्टा आडवाच्या आडवा, तारांना लटकून, पलीकडच्या वजनांच्या जोरावर वर वर जायचा, गिरणीच्या धुराड्याएवढा उंच. आम्ही त्याला नुसतं 'हेफ' म्हणायचो. रेल्वेच्या नियमांच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं होतं की ज्या बोटीची डोलकाठी उतरते, तिच्यासाठी हेफ उचलायचा नाही. पण वरच्या काचेच्या खोलीत बसणारे पूलवाले बेटावरचेच असत. ते आदल्या दिवशी सिग्नलच्या चौकीला फोन करत, "उद्या अमुक वाजता एक उंच बोट आहे" म्हणून सांगत, आणि चौकीवालाही कसली बोट ते विचारत नसे. गाडी चार मिनिटं उशिरा पोचायची. तेवढं खपून जायचं.

आणि पूलवाला होता लेंडर्ट, ग्रीतचा सख्खा मोठा भाऊ. तेव्हा मागायला जायचं ते घरातच.

घरातच, पण ग्रीतचं पाऊल उचलत नव्हतं, आणि त्याला कारण होतं युद्ध.

चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात सगळ्या देशातल्या रेल्वेच्या लोकांनी संप केला. जर्मनांच्या गाड्या चालवायच्या नाहीत, म्हणून एका दिवसात घरदार सोडून सगळे गडप झाले. लेंडर्टही गेला. बोटी मात्र चालत राहिल्या. बास्तियान जर्मनांच्या परवान्यावर माल वाहत होता. कधी धान्य, कधी सिमेंट, आणि ते सिमेंट कुठल्या बंकरात जातं हे त्यालाही कळत होतं. रेल्वेच्या माणसांनी ते कधी विसरायचं नाही असं ठरवलं. आम्ही पोट बांधून बसलो आणि तुम्ही बोट चालवलीत, असं ते तांडेलांच्या तोंडावर म्हणत, आणि ते खोटं नव्हतं.

पण लेंडर्ट कुठे गडप झाला होता, हे चौघांनाच ठाऊक होतं. बास्तियानच्या 'आड्रियाना' बोटीच्या पुढच्या टोकाला साखळ्या ठेवायची एक कोठडी होती; माणसाला धड उभं राहता येणार नाही एवढी. त्यात तो साडेसात महिने राहिला. जर्मनांचा परवाना असलेल्या बोटीची कुणी झडती घेत नसे, म्हणून राहू शकला. रोज एक रेघ, अशा त्यानं फळीवर चाकूनं रेघा ओढल्या होत्या. लोक ट्यूलिपचे कंद उकडून खात होते त्या हिवाळ्यात बास्तियान उत्तरेकडून मालाखाली बटाटे लपवून आणायचा. निम्मे लेंडर्टच्या बायकोला, मिनाला, पोरांसाठी.

युद्ध संपलं तेव्हा लेंडर्टनं कामावरच्या लोकांना सांगितलं, की मी एका शेतावर लपलो होतो. तेव्हा ते सोपं होतं. ज्या तांडेलाला सगळे शिव्या घालतात त्याच्या बोटीत मी होतो, असं कोण सांगेल? मग तांडेलांच्या चौकश्या लागल्या. बास्तियानला विचारलं, संपातल्या कुणाला तू काही मदत केलीस का? तो म्हणाला, नाही. त्याचा परवाना चौदा महिने काढून घेतला. ते चौदा महिने ग्रीतनं बंदरातल्या कचेऱ्यांच्या फरशा पुसल्या.

"सांगितलं का नाहीस?" तिनं तेव्हा विचारलं होतं.

"ते त्यानं सांगायचं," बास्तियान म्हणाला होता. "मी सांगितलं तर ते विकल्यासारखं होईल."

लेंडर्टनं सांगितलं नाही.

बुधवारी ग्रीत त्याच्या घरी गेली तेव्हा तो ड्यूटीवरून येऊन जेवायला बसला होता. मिनानं दारातच तिला मिठी मारली, आत आणून बसवलं आणि न विचारता वाटाण्याचं सूप वाढलं. मिना जाडजूड, बोलकी बाई. त्या दिवशी तिला शब्द सुचत नव्हते म्हणून ती सारखं वाढत होती.

"पुरे, वहिनी."

"खा गं. आठ दिवसांत अर्धी झालीयस."

लेंडर्ट सुपात पाव बुडवत होता. वर बघत नव्हता. ग्रीतनं चमचा खाली ठेवला.

"शनिवारी नेणार आहोत. त्याच्या गावी, लेक नदीवर. दीडच्या सुमाराला निघू."

"हं."

"तो म्हणाला होता तुला सांग म्हणून. डोलकाठीचं."

तो काही बोलणार तेवढ्यात दार वाजलं आणि स्टाम आत आला. तो खालच्या मजल्यावर राहायचा. मालधक्क्यावर मुकादम, आणि संपातल्या माणसांच्या मंडळाचा चिटणीस. हातात छापील कार्ड होतं.

"वार्षिक जेवण, लेंडर्ट. पहिल्या टेबलावर तू आहेस. भाषणबिषण नको, फक्त ती शेताची गोष्ट सांग, पोरांना आवडते." मग त्याला ग्रीत दिसली. त्यानं टोपी काढली नाही. "अच्छा. ऐकलं मी. तांडेल गेला म्हणे."

"गेला," ग्रीत म्हणाली.

"परवान्यावर गेला की बिनपरवान्याचा?"

मिनाच्या हातातली पळी पातेल्यावर आपटली. "स्टाम! माझ्या घरात बसलेल्या बाईशी असं बोलायचं नाही."

"मी कुठे काय बोललो? विचारतोय नुसतं. लेंडर्ट, तुला काही वाईट वाटलं?"

लेंडर्टनं रुमालानं तोंड पुसलं, नीट, दोन्ही कोपऱ्यांना. "कार्ड ठेव तिथे," तो म्हणाला. "येईन मी."

स्टाम गेल्यावर ग्रीत उठली, कोट घालायला लागली. तेव्हा लेंडर्ट दारापर्यंत तिच्या मागे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "शनिवारी दुपारी ड्यूटी माझीच आहे."

"मग?"

"मग काय? उभी ठेव डोलकाठी. मी चौकीला सांगून ठेवतो. पार टोकापर्यंत नेतो हेफ, वर."

"नक्की ना, लेंडर्ट?"

"एकदा सांगितलं ना."

बेटाकडे परतताना ग्रीत पहिल्यांदा रडली. बास्तियान गेल्यावर तिला रडू आलं नव्हतं, ते भावानं शब्द दिल्यावर आलं. क्राइनला, तिच्या चोवीस वर्षांच्या मुलाला, तिनं बोटीवर पाऊल ठेवताच सांगितलं, "मामा उचलणार आहे."

"उचलणार म्हणजे काय उपकार?" क्राइन म्हणाला. त्याला सगळं माहीत होतं; कोठडीत मामाला जेवणाचा डबा तोच नेऊन द्यायचा.

"उपकार नाही. पण उचलणार आहे."

शनिवारी ऊन पडलं होतं. पाण्यात अजून बर्फाचे तुकडे होते, बशीएवढाले, आणि ते बोटीच्या अंगाला घासत किणकिणत. धक्क्यावरच्या घरांचे पडदे ओढलेले होते. बोटींवरचे झेंडे अर्ध्यावर. बास्तियानची शवपेटी मालाच्या खणावरच्या फळ्यांवर ठेवली होती, डोलकाठीच्या मागे, जिथे तो उन्हाळ्यात तंगड्या पसरून वर्तमानपत्र वाचायचा तिथेच. सुकाणूवर खेरिट होता. क्राइन पुढे. ग्रीत पेटीजवळ उभी, काळा कोट, डोक्याला काळा रुमाल. डोलकाठी दोनदा रंगवल्यासारखी चमकत होती. क्राइननं ती सकाळी तेलानं पुसून काढली होती.

नदीच्या मोठ्या पात्रातले पूल कायमचे ठोकलेले आणि ठेंगणे. उंच बोटीला वाट होती ती या दक्षिणेकडच्या फाट्यातूनच. आधी रस्त्याचा पूल, मग हेफ, दोन्ही हाताच्या अंतरावर.

रस्त्याचा पूल वेळेवर उघडला. पुलाचे दोन्ही अर्धे भाग वर गेले, ट्रामचा ड्रायव्हर खाली उतरून टोपी काढून उभा राहिला. दोन्ही काठांना बेटावरची माणसं होती. बोट दोन पुलांमधल्या पाण्यात आली आणि तिच्या मागे रस्त्याचा पूल मिटला. ट्राम घंटा वाजवून निघाली.

हेफ खालीच होता.

"येईल वर," ग्रीत म्हणाली.

खेरिटनं भोंगा दिला. एक लांब, एक आखूड, एक लांब. उघडा.

पुलावरून प्रवाशांची गाडी धडधडत गेली. खिडक्यांतून लोक पेटीकडे बघत होते. गाडी गेली, आता, असं ग्रीतला वाटलं. लाल दिवा तसाच होता.

पुन्हा भोंगा. एक लांब, एक आखूड, एक लांब.

पाणी भरतीचं होतं आणि बोटीला पुलाकडे ओढत होतं. खेरिटनं इंजिन उलटं फिरवलं. बोट थरथरायला लागली, पेटीवरची फुलं एका बाजूला सरकली. ग्रीतनं ती हातानं धरली.

वर काचेच्या खोलीचं दार उघडलं आणि एक माणूस कठड्याशी आला. तरुण, लालसर केसांचा. लेंडर्ट नव्हता.

"डोलकाठी खाली घ्या!" तो ओरडला. "उतरते ना तुमची?"

"अरे, मेलेला माणूस आहे बोटीवर!" खेरिट ओरडला. "डोळे फुटले का तुझे?"

त्या माणसानं खाली नीट पाहिलं आणि घाईनं टोपी काढली. "माफ करा. पण यादीत नाही हो तुम्ही! चौकीला आधी कळवावं लागतं. मागे मालगाडी उभी आहे."

"लेंडर्ट कुठाय? त्यानं कळवलं नाही?"

"मला कुणी काही सांगितलं नाही. मी नवीन आहे, युट्रेख्तहून आलोय. ड्यूटी बदलून घेतलीय त्यांनी."

"मालगाडी गेल्यावर उचल मग!"

"ज्याची उतरते त्याच्यासाठी उचलता येत नाही हो. पुस्तकात आहे." त्याचा आवाज रडवेला झाला होता. "मी काय करू, बाई?"

तो 'बाई' म्हणाला ते ग्रीतला. ती त्याच्याकडे बघत नव्हती. काठावर, रेल्वेच्या भरावापाशी, पाच माणसं खिशात हात घालून उभी होती. मधला स्टाम. त्यांनी टोप्या काढल्या नव्हत्या. ते हसतही नव्हते. नुसते बघत होते, वजन बरोबर भरतंय की नाही ते बघावं तसे.

"आई," क्राइन म्हणाला, "दोर टाकू खांबाला. थांबू. मी जातो वर, बघतो मामा कुठे आहे ते."

"ग्रीत, इंजिन फार वेळ धरणार नाही," खेरिट म्हणाला. "काहीतरी एक सांग."

ग्रीत रहाटापाशी गेली. क्राइननं दांडा धरून ठेवला होता.

"सोड."

"मी नाही उतरवणार. बाबांची नाही."

"तुला कोण सांगतंय? सोड म्हटलं ना."

चोवीस वर्षांत हजारो वेळा तिनं तो रहाट फिरवला होता, बास्तियान सुकाणूवर आणि ती इथे. खिटी निघाल्याचा आवाज दोन्ही काठांना ऐकू गेला. दात दात मोजत डोलकाठी मागे कलायला लागली, आणि मागे म्हणजे पेटीवरच. तिला टेकायला आडवा अडसर होता, त्यामुळे पेटीला ती लागली नाही. वीतभर वर, पेटीच्या पूर्ण लांबीवर, आडवी होऊन थांबली. फुलं काढावी लागली, तेवढी जागा नव्हती.

मग ते पुलाखालून गेले. खाली अंधार होता, गंज आणि तेलाचा वास. वर मालगाडी लागली होती, बासष्ट डब्यांची. क्राइननं डबे मोजले, कारण दुसरीकडे कुठे बघावं हे त्याला कळत नव्हतं.

रविवारी चर्च सुटायच्या वेळी ग्रीत भावाच्या दारात उभी राहिली. या वेळी मिनानं मिठी मारली नाही. बाजूला झाली, तोंड सुजलेलं होतं.

लेंडर्ट खिडकीशी बसला होता, नव्या कोटात.

"ड्यूटी कधी बदललीस?" ग्रीतनं विचारलं.

"शुक्रवारी."

"बुधवारी मला शब्द दिलास."

"शुक्रवारी स्टाम आला होता. म्हणाला, उद्या आम्ही जरा बघायला येणार आहोत, पूल कुणाकुणासाठी उचलतोस ते." तो खिडकीकडेच बघत बोलत होता. "सगळ्यांच्या देखत, ग्रीत. तुला कळत नाही."

"मग त्या युट्रेख्तच्या माणसाला तरी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर त्यानं स्टामला सांगितलं असतं, कुणी सांगितलं ते."

"बरं. मला तरी सांगायचंस. मी डोलकाठी धक्क्यालाच उतरवली असती. घरच्या घरी. अख्ख्या बेटासमोर नाही."

"येणार होतो सांगायला. कोटसुद्धा घातला होता. विचार मिनाला."

"घातला होता," मिना भिंतीला टेकून म्हणाली. "तासभर कोट घालून इथे बसला होता. सांग ना तिला, का गेला नाहीस ते. साडेसात महिने त्या माणसाच्या ताटातलं खाल्लंस. माझी पोरं जगली त्याच्या बटाट्यांवर."

"खाल्लं!" लेंडर्ट एकदम ओरडला. "खाल्लं, म्हणूनच! न खाल्लेल्याला काय, तो उचलील पूल आणि जाईल घरी. मी अकरा वर्षं त्या लोकांत बसतोय. मंडळाच्या पाटीवर माझं नाव आहे. ती शेताची गोष्ट मी इतक्यांदा सांगितलीय, की मला त्या गाईंची नावं पाठ आहेत."

ग्रीतनं त्याच्याकडे पाहिलं. मग समोरच्या खुर्चीवर बसली.

"किती गाई होत्या?"

"काय?"

"सांग ना. किती होत्या गाई?"

तो पुटपुटला, "अकरा."

"आणि त्या गोष्टीत बास्तियान कुठे असतो?"

खालच्या मजल्यावर स्टामचा रेडिओ चालू होता, कुठलीतरी प्रार्थना.

"नसतो," लेंडर्ट म्हणाला.

ग्रीत उठली. जाताना तिनं मिनाच्या गालाला हात लावला. भावाशी ती नंतर कधीही बोलली नाही.

त्यानंतर कुणाचं काय झालं ते एवढंच.

खेरिट तीन वर्षांनी गेला. त्याच्या पोरांनी आईला विचारलं आणि त्याची पेटी मोटारीनं नेली. मग बेटावर पुन्हा कुणी उभ्या डोलकाठीनं गेलं नाही. कुणी बंद करा म्हणून सांगितलं नाही. नुसतं कुणाला मागवेना.

युट्रेख्तचा तो लालसर केसांचा माणूस, ड्रिस त्याचं नाव, त्याला नंतर बेटावर कुणीतरी सगळं सांगितलं. तो पुस्तक बाजूला ठेवून उचलायला तयार झाला, कुणीही मागो. पण मागायला कोणी आलं नाही. दोन वर्षांनी बदली मागून तो परत गेला.

स्टाम म्हातारा झाला आणि शेवटी लोकांनी त्याला कंटाळून चिटणीसपदावरून काढलं. तो मेला तेव्हा चांगली गर्दी होती.

मिना दर नाताळात ग्रीतकडे यायची, नवऱ्याला न सांगता, किंवा सांगून. ग्रीतनं विचारलं नाही. मिना सत्तराव्या वर्षी झोपेत गेली.

संपाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा वर्तमानपत्रात लेंडर्टचा फोटो आला, काचेच्या खोलीत बसलेला, खाली ती शेताची गोष्ट. ग्रीतनं तो कापला, 'आड्रियाना'च्या कोठडीत उतरली, आणि त्या रेघांच्या शेजारी चार खिळ्यांनी ठोकला. दोन वर्षांनी लेंडर्ट गेला. ग्रीत त्याच्या अंत्यविधीला गेली नाही. क्राइन गेला, मागे उभा राहिला, आणि कॉफी न पिता निघून आला.

क्राइननं बोट फार दिवस चालवली नाही. बंदरात क्रेनवर लागला. त्या कामात कुणापुढे काही उतरवावं लागत नाही, असं तो म्हणायचा. बऱ्याच वर्षांनी 'आड्रियाना' एका तरुण जोडप्यानं विकत घेतली, राहायला. त्यांनी तिला नवा रंग दिला, पडदे लावले.

त्र्याण्णव साली नदीखालून गाड्यांचा बोगदा झाला आणि हेफला काही काम उरलं नाही. तो मोडायचा असं ठरत होतं तेव्हा बेटावरची नवी माणसं सह्या गोळा करत दारोदार फिरली. एक मुलगी ग्रीतकडेही आली. ग्रीत तेव्हा पंच्याऐंशीची होती, म्हाताऱ्यांच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीतून पूल दिसे.

"आजी, तुम्ही तर लहानपणापासून पाहिलाय तो. सही कराल ना?"

"भंगारात घाला," ग्रीत म्हणाली आणि तिला एक बिस्कीट दिलं.

पूल राहिला. रुळांचा पट्टा पार वर, टोकाला नेला आणि तिथेच ठेवला. आता तो कुणासाठीच खाली येत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्या जोडप्यानं ग्रीतला 'आड्रियाना'वर बोलावलं, फेरी मारायला. क्राइननं हात धरून तिला चढवलं. ती पोरगी फार प्रेमळ होती. तिनं केक केला होता, आणि काहीतरी विचारायचं होतं.

"पुढच्या कोठडीत फळीवर रेघा आहेत. दोनशे तीस. आम्ही मोजल्या. आणि वर्तमानपत्राचा एक तुकडा, पार पिवळा पडलेला, वाचताच येत नाही. कोण राहायचं तिथे?"

"एक शेतकरी," ग्रीत म्हणाली. "त्याच्या अकरा गाई होत्या."

पोरगी हसली, म्हातारी गंमत करतेय असं तिला वाटलं. क्राइन पाण्याकडे बघत राहिला.

रस्त्याचा पूल उघडला, त्या पोरांनी आधी फोन करून ठेवला होता. बोट आत आली. समोर दोन मनोरे, आणि रुळांचा पट्टा इतका उंच की त्याच्याखालून ढग जाताना दिसत होते. ग्रीत खुर्चीवरून उठली आणि रहाटाकडे निघाली.

"आजी, काय करताय?"

"उतरवतेय."

"अहो, पण पूल वरच आहे! बघा ना. कायमचा वर आहे आता."

"मला दिसतंय," ग्रीत म्हणाली.

तिच्या हातात जोर नव्हता. खिटी निघेना. क्राइन, बासष्ट वर्षांचा, आईजवळ गेला, आणि त्यानं दांड्याचं दुसरं टोक धरलं.